जर्मनीत सगळं फुकट असतं म्हणे

आज गोखले रोडला फराळाचं पार्सल टाकायला गेलो होतो. दिवाळीच्या तोंडावर कुरियरवाल्यांकडे काय झुंबड असते ते ठाणेकरांना सांगायला नको. प्रत्येकाच्या हातात चकलीचा डबा आणि प्रत्येकाचं कुणी ना कुणी न्यू जर्सीला नाहीतर मेलबर्नला. माझा नंबर आला. काउंटरवरच्या पोराने विचारलं, "काका, फ्लॅट नंबर?" म्हटलं, नाही. "मजला?" तोही नाही. "मग पोचणार कसं?" म्हटलं, बाळा, तिकडे बेलवर आणि लेटरबॉक्सवर नाव असतं, त्यावरच सगळं चालतं, तू फक्त नावाचं स्पेलिंग नीट टाक. तेवढ्यात मागचे गृहस्थ म्हणाले, "जर्मनी का? मग मजा आहे. तिकडे सगळं फुकट असतं."

मी काही बोललो नाही. घरी आलो, चहा झाला, बातम्या झाल्या, तरी डोकं शांत होईना. म्हणून इथे लिहितोय. लांबण नको असेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

आमची लेक सप्टेंबरात एमएससीसाठी केम्निट्झला गेली. "कुठं आलं हे?" हा प्रश्न एवढ्यांदा ऐकलाय की आता "ड्रेस्डेनजवळ" सांगून मोकळा होतो. तेही कुणाला माहीत नसतं, पण माना डोलावतात. जर्मनीच्या पूर्वेला, झेक सीमेच्या अलीकडे, जेमतेम अडीच लाख वस्तीचं शहर. आपलं ठाणं २०११च्या जनगणनेतच १८ लाखांवर गेलं होतं, म्हणजे करा हिशेब. १९५३ ते १९९० या शहराचं नावच कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. नाव गेलं, पण मार्क्सचं सात मीटरचं डोकं अजून चौथऱ्यावर ठाण मांडून आहे. लेकीने त्याच्यासमोरचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, तर आमच्या एका आत्याने विचारलं, "टागोरांचा पुतळा का गं?" खूप हसलो सगळे. पण त्या एका फोटोवरून अख्ख्या खानदानाने ठरवून टाकलं की पोरगी फिरतेय, मजेत आहे. तो फोटो काढला त्या दिवशी तिच्याकडे खर्चायला किती पैसे होते ते मला नंतर कळलं.

तर फुकटचा हिशेब ऐका. व्हिसासाठी आधी ब्लॉक्ड अकाउंट लागतं. त्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरायचे, आजच्या भावाने बारा लाखांच्या आसपास. ते एकदम हातात येत नाहीत, महिन्याला ९९२ युरो सुटतात, आणि तेही तिकडे तुमचं साधं बँक खातं चालू झालं की मगच. त्याआधी एपीएसचं, म्हणजे आपले पदवीचे कागद खरे असल्याचं सर्टिफिकेट, जे २०२२च्या नोव्हेंबरपासून आपल्या मुलांना सक्तीचं आहे. वर हेल्थ इन्शुरन्स, वर विमानाचं भाडं, वर खोलीचं डिपॉझिट. माझ्या पीएफला आणि आमच्या हिच्या बांगड्यांना विचारा फुकट म्हणजे काय. हो, बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नसते, हे मान्य. पण तेही सगळीकडे नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात २०१७पासून आपल्यासारख्या बाहेरच्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४पासून फी लावली. हे परदेशी पाठवणाऱ्या क्लासवाल्यांच्या स्टेशनबाहेरच्या बॅनरवर लिहिलेलं दिसलंय का कुणाला?

पैशांचं एक वेळ सोडा. मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे.

लेकीला खोली मिळाली ती तीन जणींच्या फ्लॅटमध्ये, आधीच्या मुलीच्या जागी. लेटरबॉक्सवर त्या आधीच्या मुलीचं आडनाव. तिकडे गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते, त्याला ही पोरं अनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाने सही केलेला कागद लागतो. मालक सुट्टीवर. कागद आला, नोंद झाली, खात्याचा अर्ज गेला. कार्ड एका पत्राने येणार, पिन दुसऱ्या पत्राने. ही रोज खाली जाऊन बॉक्स उघडून बघतेय आणि बॉक्स रिकामा. कारण पोस्टमन पेटीवर नाव शोधतो, नाव दिसलं नाही की पत्र उलट पावली परत. पहिलं गेलं. दुसरंही गेलं. म्हणजे बारा लाख हिच्या नावावर, आणि ही सोबत नेलेल्या रोख युरोंवर भात-अंडी करून दिवस काढतेय. रोज फोनवर आम्हाला सांगायची, "हो बाबा, जेवले."

शेवटी तळमजल्यावरच्या एका आजींनी हिला रोज पेटीशी घुटमळताना पाहिलं. आजींना इंग्रजी येईना, हिची जर्मन इथल्या क्लासमधली, "माझे नाव अमुक, मी ठाण्याहून आले" एवढ्यापुरती. आजींनी पेटीवर बोट ठेवलं, मग हिच्याकडे बोट केलं, आणि आतून चिकटपट्टी आणून दिली. संपला विषय. हे सगळं तिने आम्हाला सांगितलं ते नाव लावल्यानंतर. मी चिडलो, म्हटलं आधी का नाही बोललीस? तर म्हणते, "बाबा, तुम्ही काय केलं असतंत? ठाण्याहून येऊन चिकटवलं असतंत?"

यावर काय बोलणार. मी बावीस वर्षांचा होतो तेव्हा माझी आई मला शर्ट इस्त्री करून द्यायची आणि वागळे इस्टेटला निघताना डबा हातात ठेवायची. बँकेचं पासबुक भरायला वडील जायचे. आमच्या पत्त्यावर "कोपिनेश्वराच्या मागे" एवढं लिहिलं तरी पोस्टमन दारात. आणि आम्ही या मुलांना सांगणार की तुमची मजा आहे!

आता कुणी म्हणेल की खातं हल्ली ॲपवर उघडतं. उघडतं हो. पण तिच्या बाबतीत तिथेही पत्ता मागितला आणि कार्ड पत्रानेच यायचं होतं. त्या नावाच्या चिठ्ठीवाचून गाडं काही हलणार नव्हतं. आणि नाव लागल्यावर त्या पेटीत काय आलं माहीत आहे? रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीची मागणी. घरटी महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही असो नसो. अनमेल्डुंग झाली की त्यांना पत्ता आपोआप कळतो. खोलीत साधा ट्रान्झिस्टर नाही आणि वर्गणी भरा! हे सांगताना मात्र ती फोनवर इतकी हसत होती की मला पहिल्यांदा वाटलं, हिचं जमेल.

फोन येतो तो रात्री अकराला. तिकडे साडेसात वाजलेले. महिनाअखेरीला त्यांची घड्याळं मागे जाणार, मग साडेचार तासांचं अंतर, म्हणजे आमचे बारा. हरकत नाही. पण त्या अर्ध्या तासात प्रत्येक नातेवाइकाला हजेरी हवी असते. मामाला बर्फ बघायचाय (ऑक्टोबरात!), काकूला किचन बघायचंय, कुणाला "पार्ट-टाइम लागला का" याचं उत्तर पाहिजे. अरे, लेक्चरं आता सुरू होतायत. रविवारी दुकानं बंद असतात हे तिला उपाशी राहून कळलं. ती पोचली शनिवारी रात्री, आणि दुसरा अख्खा दिवस खाकऱ्यावर. जळगावची एक सीनियर मुलगी संध्याकाळी कुकर घेऊन आली, खिचडी लावून गेली. नात्याची ना गोत्याची. त्या मुलीला मी भेटलेलो नाही, पण तिच्या आईवडिलांना माझा नमस्कार पोचो. आणि आमच्या ग्रुपवर त्याच दिवशी मेसेज: "काय मग, सेटल झाली का?"

गेल्यावर आठवड्याभरात कोण सेटल होतं? तुम्ही नौपाड्यातून घोडबंदरला गेलात तर वर्षभर जुन्या वाण्याकडून सामान आणत होतात.

रांगेतल्या गृहस्थांबद्दलही सांगतो, नाहीतर माझ्यावरच अन्याय केल्याचा आरोप यायचा. माझं झाल्यावर त्यांचा नंबर आला. मुलगा डब्लिनला. त्यांनी बेसनाचे लाडू आणले होते, घरच्या तुपातले, आणि काउंटरवरच्या पोराने ते बाजूला काढले. युरोपात बाहेरून दुधातुपाचं पाठवलेलं चालत नाही, म्हणून माझ्या डब्यातही चिवडा, चकली आणि तेलातली शंकरपाळीच होती. ते पोराला परत परत सांगत होते, "अहो, तो फराळातलं तेवढंच खातो." पोरगा तरी काय करणार. मग लाडवांचा डबा पिशवीत ठेवून ते बाजूला उभे राहिले आणि राहिलेल्या चकल्या पुन्हा मोजायला लागले. माझा राग तिथेच अर्धा उतरला होता, खोटं कशाला बोलू. स्वतःचा पोरगा युरोपात असून हा माणूस "फुकट" म्हणतो, म्हणजे त्या पोरानेही बापाला कधी काही सांगितलेलं नसणार. "हो बाबा, जेवलो." बास.

पण उरलेला अर्धा राग आहेच, आणि तो त्या बॅनरवाल्यांवर आहे. स्टेशनपासून घोडबंदरपर्यंत जिथे बघाल तिथे हसरी मुलं, मागे किल्ला, वर मोठ्या अक्षरात मोफत शिक्षण. लेकीला ज्या क्लासने पाठवलं त्यांनी निघताना हार घातला, फोटो काढला, आपल्या पेजवर टाकला. फी घेतली ती वेगळीच. तीन महिने मुलाखतीची तयारी करून घेतली, पण पहिल्या दिवशी लेटरबॉक्सवर नाव लाव, हे एक वाक्य कुणी बोललं नाही. साधं वाक्य! त्यासाठी केम्निट्झच्या त्या आजी लागल्या.

पोरं देशाबाहेर जातात त्याचं काय, असं विचारणारे येतीलच. बरोबर आहे तुमचं. आणि शहापूर-मुरबाडहून पहाटेची गाडी पकडून ठाण्याला कॉलेजला येणाऱ्या मुलांचे हाल माझ्या लेकीपेक्षा जास्त आहेत हेही खरं. त्यावर स्वतंत्र लिहीन. आज माझ्या डोळ्यांसमोर ती रिकामी पेटी आहे, माझा इलाज नाही.

एक सरळ विनंती. एप्रिलच्या सत्राला ज्यांची मुलं तिकडे निघणार आहेत त्यांनी मला फोन करा, संध्याकाळी सातनंतर, कंपनीतून आल्यावर. घरमालकाच्या सहीच्या कागदाचा नमुना लेकीने पाठवलाय, तो देतो. निदान पहिल्या महिन्याचा खर्च भागेल एवढे रोख युरो जवळ द्या, शनिवारी रात्री पोचणारं तिकीट काढू नका, आणि मुलांच्या बॅगेत एक जाड मार्कर आणि चिकटपट्टी टाका. हार घालणार नाही आणि फोटोही काढणार नाही. फी अर्थातच नाही. आमच्या आत्याला मात्र कुणीतरी मार्क्स कोण ते समजावून सांगा, मी थकलो.