मळी, पळी आणि लातूरचा समुद्र

"ज्या गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या गावात तू पाण्यात मीठ कालवायलास?"

माशांची खाऱ्या पाण्याची टाकी घरात आली त्या दिवशी अण्णांनी एवढंच विचारलं, अन् खरं सांगतो, याला माझ्याकडं आजही उत्तर नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' आली तेव्हा मी स्वतः स्टेशनवर बघायला गेलो होतो. आजही नळाला पाणी सुटलं की आमच्या गल्लीत लग्नाची वरात आल्यासारखी पळापळ होते. अशा गावात पतसंस्थेतल्या एका साध्या कॅशियरनं हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूला, साठ लिटरचा समुद्र मांडायचा म्हणजे डोक्यावर परिणाम झाल्याचंच लक्षण, हे मलाही मान्य आहे.

साठ म्हणायचं आपलं, दगड अन् वाळू वजा जाता पाणी पन्नासच लिटर. त्यात दोन क्लाउनफिश, दोनचार मश्रूम (अळंबीसारखे दिसणारे मऊ प्रवाळ), अन् झोअँथिडचा, म्हणजे फुलांच्या झुबक्यासारख्या मऊ प्रवाळाचा, एक तुकडा. दगडी प्रवाळ नाहीत, कारण ते आपल्याकडं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या शेड्युल एकमध्ये आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंक्तीला, आणि वाघ पाळायची माझी ऐपत नाही. माशांची नावं अण्णांनी ठेवली, सर्जा अन् राजा. सहा महिन्यांनी सर्जा चांगला अंगानं भरला तेव्हा मला सांगावं लागलं की अण्णा, या जातीत जन्मतः सगळे नरच असतात आणि जोडीतला मोठा असतो तो पुढं मादी होतो. अण्णा बराच वेळ टाकीकडं बघत बसले. मग म्हणाले, "पोळ्याला सांगू नको कुणाला."

तर हे सगळं बरं चाललं होतं. दर रविवारी सहा लिटर पाणी काढायचं, सहा लिटर नवं घालायचं, संपलं. मग पुण्याच्या मित्राचा फोन आला. त्याच्याकडं पाचशे लिटरची टाकी आहे त्यामुळं तो माझ्याशी मोठ्या भावासारखा बोलतो.

"स्किमर कोणता बसवलास?"

"बसवलाच नाही."

"नाही? मग समुद्र ठेवलायस का लोणचं घातलंयस?"

बस्स. हे 'लोणचं' माझ्या जिवाला असं लागलं की आठ दिवसांत साडेसात हजारांचा प्रोटीन स्किमर कुरिअरनं दारात. बायकोला मी अडीच हजार सांगितले. (हा लेख ती वाचत नाही असं धरून चाललोय.)

आता प्रोटीन स्किमर म्हणजे काय हे घरात समजावून सांगायचं म्हणजे एक कीर्तनच झालं. म्हटलं, माशांची घाण, उरलेलं खाणं, दगडावरनं सुटणारा चिकटा हे सगळं पाण्यात विरघळतं, आणि त्यातल्या पुष्कळशा कणांचं एक टोक पाण्याला धरून असतं अन् दुसरं टोक पाण्यापासून पळतं, सुनेच्या माहेरच्या पाहुण्यासारखं, एक पाय आत एक पाय बाहेर. मग हे कण हवेच्या बुडबुड्याला जाऊन चिकटतात. म्हणून एका नळकांड्यात बारीक बारीक बुडबुडे लाखानं सोडायचे, त्यांचा फेस वर चढतो अन् घाण घेऊन वरच्या कपात पडतो. गोड्या पाण्यात हे जमत नाही, तिथं बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, खाऱ्यात ते बारीकच राहतात.

अण्णा म्हणाले, "मग मळी म्हण की."

आणि बरोबर होतं की हो! आमच्या गावाकडं गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस तापायला लागला की भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी टाकायचे, मग सगळी घाण फेसाबरोबर वर यायची, गुळव्या झाऱ्यानं ती मळी ओढून काढायचा. मी साडेसात हजार देऊन जे आणलं त्याचं तत्त्व अण्णांनी शाळेत जायच्या आधी बघितलेलं होतं. मायनं तर त्याच्यावर ताण केली. ती सैपाकघरातनंच म्हणाली, "तुरीच्या डाळीला उकळी आली की वरचा फेस मी रोज पळीनं काढून टाकायलेय, मला कुणी साडेसात हजार दिले नाहीत."

साडेसात हजार हा आकडा मायला कुणी सांगितला हे मला आजतागायत कळलं नाही. बायको त्या वेळी पेपर वाचत होती.

बसवला एकदाचा. मशीन नवं असलं की ते आधी 'मुरावं' लागतं हे मला माहीत होतं, पण म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आतलं प्लास्टिक कोरं असतं, त्याच्यावर एक थर बसेस्तोवर आठपंधरा दिवस फेसाचा काही नेम नसतो. पहिल्या रात्री कप दर तासाला भरायचा, नुसतं पांढरं पाणी. दुसऱ्या दिवशी फेसच नाही. तिसऱ्या दिवशी जरा रंग आला म्हणून मी खुश होऊन जेवता जेवता उठलो अन् हात घालून व्हॉल्व जरासा फिरवला, तर फेस धाडकन बसला तो रात्रभर उठेचना. का? तर हाताला शेंगदाण्याच्या चटणीचं तेल. तेलाचा नुसता तवंग लागला तरी फेस मरतो. म्हणजे आता मला माझ्याच घरात, माझ्याच टाकीत हात घालायच्या आधी ऑपरेशनला जाणाऱ्या डॉक्टरसारखा कोपरापर्यंत साबण लावून धुवावा लागणार, तोही साबण परत निघेस्तोवर, आणि हे कुठं तर लातुरात, जिथं आंघोळीला दोन तांबे जास्त घेतले तर आई-बाप डोळे वटारतात.

आवाज तर विचारू नका. दिवसा कळत नाही, रात्री अकरानंतर मात्र हॉलमधून कुणीतरी तळाशी गेलेला उसाचा रस स्ट्रॉनं ओढायलंय असा आवाज, सुर्रर्र, गुडगुडगुड, सुर्रर्र. लेक दहावीला. लातुरात दहावी-बारावीच्या घरात लोक कुकरची शिट्टीसुद्धा अर्धी होऊ देतात अन् इथं हे. तिनं कानात कापूस घातला अन् माझ्याकडं अशी बघितली की पुढं टक्केवारी कमी पडली तर जबाबदार कोण हे तिथंच ठरलं.

तरीपण एक गोष्ट कबूल करतो. सोळाव्या की सतराव्या दिवशी सकाळी कपात पहिल्यांदा खरा माल पडला होता. दोन बोटं. हिरवट काळा, काढ्यासारखा घट्ट, अन् वास असा की पावसाळ्यातली गटार बरी. मी तो कप उजेडात धरून, तिरका करून, किती वेळ बघत बसलो! कान कोरणाऱ्याच्या तोंडावर जे समाधान असतं ना, तसलं. हे सगळं माझ्या टाकीतनं निघालं! पुण्याला फोटो पाठवला, तिकडून अंगठा आला. बायको मागं उभी होती. "अहो, इतक्या प्रेमानं लेकीचं प्रगतिपुस्तक बघितलं नाही कधी तुम्ही," म्हणाली.

पण माझ्या आतला कॅशियर काही गप बसंना. कॅशियर माणूस जमा-खर्च जुळल्याशिवाय झोपत नाही. स्किमर यायच्या आधी नायट्रेट, म्हणजे घाण कुजून शेवटी पाण्यात उरतं ते, मोजलं होतं, दहा. स्किमर जोरात चालायला लागला, महिना झाला, मोजलं, दहा. म्हणजे काय झालं तर दोन माशांची घाण ती केवढी, अन् दर रविवारी पाण्यातनं मी बाराएक टक्के तर बाहेर काढतच होतो. स्किमर घाण कुजायच्या आधी काढतो हे त्याचं मोठेपण, पण एकदा नायट्रेट झालं की ते त्याला काढता येत नाही, आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम जे जे कमी होतं ते तो भरूनही देत नाही. बादली दोन्ही करते, जुनं नेते नवं आणते. पुण्याच्या पाचशे लिटरला आठवड्याला साठ लिटर पाणी बदलायचं म्हणजे पाठीचा अन् खिशाचा दोन्हीचा काटा ढिला, तिथं स्किमर पाहिजेच, मासे पंधरा असतील, दिवसाला तीनदा खाऊ घालत असाल तरी पाहिजे. माझ्या पन्नास लिटरला? बर्लिनकडच्या लोकांनी जिवंत दगड (समुद्रातले, सूक्ष्मजीव वसलेले दगड) अन् स्किमर ही जोडी गाजवली हे खरं, पण त्याच्या कितीतरी आधी, १९६० च्या आसपास, इंडोनेशियात ली चिन एंग नावाचा गृहस्थ नुसते जिवंत दगड अन् साध्या हवेच्या बुडबुड्यांवर अशा टाक्या चालवत होता. त्याच्या दाराशी समुद्र होता हे सोडा.

पाण्याचा हिशेबही सांगतो, कारण अण्णांनी तो मागितला. सहा लिटर शुद्ध पाणी काढायला आमचा आरओ अठराएक लिटर बाहेर फेकतो, त्यानं फरशी पुसली जाते. म्हणजे जाते ती सहा लिटरच, आणि त्यात लिटरला पस्तीस ग्रॅमच्या आसपास मीठ. "खडेमीठ टाक की, किलो वीस रुपयाला आहे," हे मायचं म्हणणं. समुद्राचं मीठ नुसतं मीठ नसतं हे तिला पटत नाही. काढलेलं खारं पाणी मात्र कशाच्याच कामाचं नाही. एकदा वाया जायला नको म्हणून मी ते कढीपत्त्याला घातलं. त्या कढीपत्त्याविषयी आमच्या घरात अजून भूतकाळात बोलत नाहीत, "वाळलाय" म्हणतात, जसा काही परत फुटणार आहे.

मग आला मे. बाहेर बेचाळीस, कूलर चालू, हवा अशी कोरडी की टाकीतनं दिवसाला लिटरभर पाणी उडून जातं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागंच राहतं, म्हणून त्याच्या जागी गोडं पाणी आपोआप सोडणारं एक सेन्सरवालं यंत्र मी लावलेलं, शेजारी दहा लिटरचा कॅन. स्किमर बसतो टाकीच्या मागच्या कप्प्यात, अन् त्याचं असं की त्या कप्प्यातली पातळी दोन बोटं खाली गेली तर रुसतो, दोन बोटं वर गेली तर पिसाळतो. एका रात्री साडेअकराला लाईट गेली. दोनला आली. आम्ही सगळे गच्चीवर झोपलेलो. लाईट गेल्यावर पुढचं पाणी उतरून मागच्या कप्प्यात चढलेलं, आणि लाईट आल्याबरोबर स्किमर त्या चढलेल्या पाण्यात जो पिसाळला तो कप भरून, झाकण उचलून, फेस खाली. इकडं टाकीतलं पाणी कमी झालं तसं सेन्सरला वाटलं, उडालं असेल, सोडा गोडं पाणी. स्किमर खारं बाहेर फेकायलाय, सेन्सर गोडं आत ओतायलाय, दोघंही आपापलं काम इमानदारीनं करायलेत, वर आम्ही चांदण्यात घोरायलोय.

सकाळी माय खाली गेली अन् तिथनंच ओरडली, "अरे, समुद्र सुटला!"

चारएक लिटर गेलं होतं. सतरंजी, वर्तमानपत्रांचा गठ्ठा, लेकीच्या फिजिक्सच्या नोट्स. खारेपणा, म्हणजे पाण्याची सापेक्ष घनता, १.०२५ ची १.०२३. मासे ठणठणीत, राजा तर आणखी खायला मागत होता. झोअँथिड दोन दिवस मिटून बसलं. लेक किती दिवस मिटून बसली ते सांगत नाही. मी त्याच सकाळी स्किमरची पिन काढली.

पुण्याला कळवलं नाही. त्याच्या बाजूनं एक मुद्दा आहे तो सांगून टाकतो, स्किमरनं पाण्यात हवा चांगली मिसळते, आणि उन्हाळ्यातल्या गरम खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळात कमीच मावतो, तर लाईट गेल्यावर टाकी ऑक्सिजन संपूनच मरते. पण लाईट गेली की स्किमरही बंदच की! म्हणून चारशे रुपयांचा बॅटरीवरचा एअर पंप आणून ठेवलाय, अन् बाकी काम बादली बघते. तीन आठवडे झाले, नायट्रेट मोजलं. दहा.

फरक पडला तो एवढाच की पाण्यावर तेलकट पातळ साय धरायला लागली. स्किमर होता तेव्हा ती दिसत नव्हती. मी वर्तमानपत्राचा कागद पाण्यावर अलगद टेकवून उचलायचो, चिकटून यायची. परवा संध्याकाळी पतसंस्थेतनं आलो तर माय स्टूलावर उभी, टाकीचं झाकण उघडं, अन् अगदी सराईत हातानं, सर्जा-राजाला धक्का न लावता, पाण्यावरची साय काढून वाटीत टाकायलेली. काठ सोडून मधूनच उचलायची, मनगट जरा तिरकं करून, डाळीची उचलते तशीच.

"माय, पळी कुठली ही?"

"सैपाकघरातली. आणि कुठली असणार?"

बायकोनं दारातनं बघितलं, काही बोलली नाही. रात्री वरण जरा खारट लागलं. अण्णांनी मीठ बाजूला सरकवलं अन् दुसऱ्यांदा वाढून घेतलं.