मेल्या म्हशीला मणभर दूध

(पोस्ट लांबलचक आहे. चहा घेऊन बसा.)

केप टाऊनला असताना एका सरकारी कचेरीत रांगेत उभी होते. करायला काहीच नव्हतं, म्हणून समोरच्या भिंतीवरची दक्षिण आफ्रिकेची राजमुद्रा न्याहाळत बसले. मधल्या ढालीवर एकमेकांना भेटणाऱ्या दोन माणसांच्या आकृत्या आणि सगळ्यात खाली एक ओळ. अक्षरं रोमन, पण मधेच उद्गारचिन्ह, मधेच तिरप्या रेघा. मला वाटलं, छापणाऱ्याकडून काहीतरी चुकलंय.

पुढच्या खोसा बाईंना विचारलं, हे वाचायचं कसं? त्या म्हणाल्या, ही आमची भाषा नव्हे. मागच्या आफ्रिकान्स बोलणाऱ्या गृहस्थांनी खांदे उडवले. दारावरचा रखवालदार हसला आणि म्हणाला, शाळेत अर्थ पाठ करून घेतला होता, उच्चार बाईंनाही येत नव्हता. म्हणजे देशाचं बोधवाक्य आहे, नाण्यापासून पासपोर्टपर्यंत राजमुद्रा आहे आणि ते वाक्य वाचता येणारा माणूस अख्ख्या रांगेत नाही.

त्या रांगेतल्या कुणाचा त्यात दोष नव्हता. ती भाषा मातृभाषा म्हणून बोलणारं माणूस आज जगातच नाही.

भाषेचं नाव खाम. नावाच्या आधी जिभेचा एक आवाज आहे, तो देवनागरीत लिहायची सोय नाही. पण काढायला मात्र आपल्याला अवघड नाही, कारण हे आवाज आपण रोज काढतो, फक्त त्यांना भाषा म्हणत नाही. कुणाचं वाईट झालं की आपण ‘च्‌च्‌’ करतो, तो एक. टांगेवाला घोड्याला पळवायला गालाच्या बाजूने जो आवाज काढतो, तो दुसरा. पोरं टाळूला जीभ लावून ‘टॉक्’ करून बूच उडाल्याचा आवाज काढतात, तो तिसरा. बोधवाक्यात हे तिन्ही आहेत. देवनागरीत ते जेमतेम असं उतरतं: ‘के ए खारा के’. पहिला ‘के’ टॉकवाला, त्याचा अर्थ लोक. ‘खारा’च्या आधी आपला हळहळीचा च्‌च्‌, त्याचा अर्थ वेगळं असणं. शेवटचा ‘के’ टांगेवाल्याचा, त्याचा अर्थ भेटणं, एकत्र येणं. वेगवेगळी माणसं एकत्र येतात, असं ते वाक्य. आपल्या लिपीत दोन्ही ‘के’ सारखेच दिसतात. जिभेचा तो एक आवाज गाळला की ‘लोक’ आणि ‘भेटणं’ यांत काही फरकच राहत नाही.

आता ही भाषा गेली कशी, ते सांगते.

खाम लोक हे सॅन लोकांपैकी एक, केपच्या उत्तरेकडच्या रखरखीत मुलखातले. शिकार करावी, कंदमुळं खणावीत, पाण्याच्या जागा सांभाळाव्यात असं त्यांचं जगणं. सतराव्या शतकात डच आले, अठराव्या शतकात त्यांचे शेतकरी मेंढरं घेऊन आत आत सरकत गेले. पाणवठ्यावर मेंढरं बसली, शिकार पळाली, मग भुकेल्या लोकांनी मेंढरं मारली, मग घोड्यांवरून बंदुका घेऊन टोळ्या निघाल्या. १७७४ च्या एकाच मोठ्या मोहिमेत पाचशेच्या आसपास सॅन मारले गेले. पोरं उचलून शेतांवर राबायला नेली, ती मालकाची भाषा बोलत मोठी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उरलेले लोक मेंढीचोर म्हणून केप टाऊनच्या तुरुंगात येत होते. बंदराचा धक्का बांधायला कैदी लागत, त्यामुळे त्या तुरुंगाला धक्क्याचाच तुरुंग म्हणत. तिथे आज हॉटेल आहे आणि विद्यापीठाचं बिझनेस स्कूल. खाली वॉटरफ्रंटवर आपले पर्यटक सेल्फी काढतात. मीही काढलाय. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं.

या कैद्यांकडे विल्हेल्म ब्लीक नावाच्या जर्मन भाषाशास्त्रज्ञाचं लक्ष गेलं. १८७० च्या सुमारास त्याने सरकारची परवानगी काढून काही खाम कैदी केप टाऊनच्या मोब्रे भागातल्या आपल्या घरी आणले. त्यांतला एक वयस्क काबो. अटक मेंढी चोरल्याबद्दल, आणि गोष्टींचा साठा असा की ब्लीक आणि त्याची मेहुणी ल्यूसी लॉइड लिहून लिहून थकले. चंद्राच्या, वाऱ्याच्या, प्रार्थना-कीटकाच्या (मँटिसच्या) गोष्टी, पावसाला जनावरासारखं बांधून आणण्याच्या गोष्टी. १८७५ ला ब्लीक गेला. लॉइडबाईंनी काम पुढे चालवलं. बारा हजारांहून जास्त पानं झाली. १९९७ ला युनेस्कोने ती जागतिक स्मृतींच्या यादीत घेतली. काबोची शिक्षा कधीच संपली होती. आपल्या गोष्टी पुस्तकात राहतील म्हणून तो थांबला होता, आणि कबूल केलेल्या एका बंदुकीसाठीही. म्हातारपणी शिकारीच्या मागे पळवत नाही, बंदूक बरी, असा त्याचा साधा हिशेब. १८७३ ला तो घरी परतला आणि १८७६ च्या सुरुवातीला वारला.

एका कैद्याने परक्याच्या ओसरीवर सांगितलेल्या भाषेतून देशाचं बोधवाक्य बनलं. २७ एप्रिल २००० ला राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकींनी नवी राजमुद्रा जाहीर केली. त्याआधी बोधवाक्य लॅटिन होतं. म्बेकींनी त्या भाषणात उघड सांगितलं की ही भाषा आता नामशेष आहे. ते शब्द गुहाचित्रांचे अभ्यासक डेव्हिड लुइस-विल्यम्स यांनी जुळवून दिले. ढालीवरच्या आकृत्याही सॅन लोकांच्याच, लिंटन शिळेवरच्या चित्रावरून घेतलेल्या.

निवडीमागचा हिशेब मला कळतो. तेव्हा अधिकृत भाषा अकरा. झुलू घ्यावी तर खोसा रुसणार, इंग्रजी घ्यावी तर सगळेच. जिचं कुणी उरलं नाही ती घेतली की भांडायलाही कुणी नाही. चांगुलपणाही असेल त्यात, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या तोंडून तेव्हा आपली म्हण निघून गेली ती गेलीच: मेल्या म्हशीला मणभर दूध. (म्हण बोचरी आहे, पण बोच सरकारला आहे, खाम लोकांना नाही.) कारण या भाषेच्या जिवंत बहिणी त्याच देशात आहेत, आणि २००० साली तर आजच्यापेक्षा जास्त जिवंत होत्या.

नू घ्या. खामची सगळ्यात जवळची बहीण. विद्वानांनी ती गेली असं धरलंच होतं. मग नव्वदच्या दशकात एल्सी व्हालबोई नावाची म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, मी बोलते ना. मग आणखी वीसेक म्हातारेकोतारे सापडले. कलहारीतल्या राष्ट्रीय उद्यानातून या लोकांना पूर्वी बाहेर काढलं होतं. भाषा जिवंत आहे हे त्यांच्या जमिनीच्या दाव्याला उपयोगी पडलं आणि १९९९ ला उद्यानाबाहेरची चाळीस हजार हेक्टरच्या आसपास जमीन मिळाली. नॉर्दर्न केप प्रांताचं बोधवाक्य याच आजींनी नूमध्ये करून दिलं: चांगल्या जगण्याकडे आपण जातो, अशा अर्थाचं. म्हणजे जिवंत भाषेतही बोधवाक्य करता येत होतं!

आणि कात्रिना एसाऊ. जन्म १९३३ चा. लहानपणी शेतमालक म्हणायचा, कुरूप भाषा आहे, बोलायची नाही. माणसं गप्प झाली, पोरांशी आफ्रिकान्स बोलायला लागली. आयुष्याच्या उतारावर या बाईंनी अपिंग्टनजवळ राहत्या घरी वस्तीतल्या मुलांना गोळा करून नू शिकवायला घेतली. स्वतःला लिहिता-वाचता येत नसताना. २०१४ ला त्यांना राष्ट्रीय सन्मान मिळाला. सन्मान द्यायला सरकार कधीच मागे नसतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. किंबर्लीजवळ प्लॅटफाँटेन म्हणून वस्ती आहे. तिथे ‘खून’ (आधी टॉक्, आपला खून नव्हे) आणि ‘ख्वे’ असे दोन समाज राहतात. मूळचे अंगोला-नामिबियाकडचे. तिथल्या युद्धांत गोऱ्या सरकारच्या सैन्याने त्यांना माग काढणारे म्हणून भरती केलं, आणि १९९० ला नामिबिया स्वतंत्र होताना बायकापोरांसकट दक्षिण आफ्रिकेत आणून तंबूंत ठेवलं. सरकारी कागदावर दोघेही ‘सॅन’. प्रत्यक्षात दोघांच्या भाषा वेगवेगळ्या कुळांतल्या, मराठी आणि तमिळ असतात तशा. आज तिथे दोन्ही भाषांतून चालणारं छोटं रेडिओ केंद्र आहे. ‘सॅन’ हा शब्दही त्यांचा स्वतःचा नव्हे, गुरं राखणाऱ्या खोईंनी गुरं नसलेल्यांना दिलेला. एकमेकांची भाषा न कळणारे कितीतरी समाज त्या एका शब्दात कोंबलेत. आणि आपण अख्ख्या खंडाला ‘आफ्रिकन’ म्हणून मोकळे होतो! दोन हजारांच्या आसपास भाषा आहेत तिथे. माझ्या काकूने मी केप टाऊनला असताना विचारलं होतं, नायजेरियात माझ्या भाच्याला भेटलीस का. काकू, मुंबईहून सिंगापूरला जाणं त्याहून जवळ आहे.

‘आदिवासी कोण’ हा प्रश्न निघाला की आफ्रिकेतली बरीच सरकारं ठरलेलं उत्तर देतात: आम्ही सगळेच इथले मूळचे. गोरे उपरे, बाकी सगळे भूमिपुत्र. वसाहतवादाविरुद्ध लढून आलेल्यांच्या तोंडी ते शोभतंही. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा आला, तेव्हा आफ्रिकी गटानेच तो अडवला. २००७ ला अखेर मतदान झालं, बाजूने १४४, विरोधात ४, तटस्थ ११. तटस्थांत केनिया, नायजेरिया, बुरुंडी. भारताने बाजूने मत दिलं, पण आमच्याकडे सगळेच मूळचे, हे पालुपद आपलंही आहेच. आफ्रिकी मानवाधिकार आयोगाच्या कार्यगटाने मात्र २००३ मध्येच याला नीट उत्तर दिलं होतं: आधी कोण आलं हा प्रश्नच नाही, कुणाची जमीन आणि जगण्याची रीत बहुसंख्याकांच्या रेट्याखाली जातेय ते बघा. मला हे पटतं. ‘सगळेच मूळचे’ म्हणताना जो गप्प बसलेला असतो, त्याचं पाणी गेलेलं असतं.

दक्षिण आफ्रिकेच्या संविधानातलं सहावं कलम मुद्दाम काढून वाचलं. खोई, नामा आणि सॅन भाषांना उत्तेजन द्यावं, असं आहे. त्याच कलमात गुजराती, हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू यांचा आदर राखावा असंही आहे. (मराठी नाही. मी दोनदा पाहिलं.) अधिकृत भाषांच्या यादीत बारावी २०२३ मध्ये आली, ती खुणांची भाषा. ती यायलाच हवी होती. नामा, म्हणजे खोईंची आजही बोलली जाणारी भाषा, अजून बाहेर. शेजारच्या नामिबियात ती शाळेत आणि रेडिओवर आहे. खोई-सॅन पुढाऱ्यांना मान्यता देणारा कायदा २०१९ ला झाला, तो २०२३ ला घटना न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, कारण करताना लोकांना नीट विचारलंच नव्हतं.

आता थोडं विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. केप टाऊनमध्ये कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे, रत्नागिरी-रायगडकडून शंभर वर्षांपूर्वी आलेली. मसाल्याच्या दुकानातल्या एका म्हाताऱ्या चाचांनी मला फोनवर मराठी बोलताना ऐकलं आणि विचारलं, “कंचा गाव तुमचा?” परदेशात हे ऐकून काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक. त्यांचा आजा दाभोळचा. त्यांना मी माझं नवं ज्ञान ऐकवलं. फ्रान्सिस्को द आल्मेदा, पोर्तुगीजांचा हिंदुस्थानातला पहिला व्हाइसरॉय. १५०८ ला चौलच्या लढाईत त्याचा मुलगा मेला, त्या रागात वर्षअखेरीला त्याने दाभोळ जाळलं, माणसं कापली. पुढे परतीच्या वाटेवर १ मार्च १५१० ला तो इथे, टेबल बेला उतरला. त्याच्या माणसांनी खोईंच्या वस्तीत घुसून गुरं आणि पोरं पळवायचा प्रयत्न केला. खोईंनी आपल्या शिकवलेल्या बैलांच्या आडून असा मारा केला की आल्मेदासकट साठएक पोर्तुगीज वाळूतच राहिले. चाचा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हंजे दाभोळचा हिशोब हितं पुरा झाला.” आणि पाव किलो धने फुकट दिले.

इतिहासात खोई असे भेटतात आणि वर्तमानात कागदावरच हरवतात. १९५० च्या वंशवार नोंदणीच्या कायद्याने त्यांना ‘कलर्ड’ या पोतडीत टाकलं, मलायांचे वंशज, गुलामांचे वंशज, सगळ्यांबरोबर. माझी ऑफिसातली मैत्रीण त्यांतलीच. आजी नामा बोलायची, पण फक्त भांडताना आणि देवाशी. नातीला एक शब्द दिला नाही. लोक हसतील म्हणून.

हे मी तिथलंच सांगत नाहीये. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे मीही खाल्ले. पण बुलढाण्याच्या जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलली जाते, जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी नातं न सापडलेली, दोनेक हजार बोलणाऱ्यांची. त्या दिवसाच्या शंभर फॉरवर्डांत तिचं नाव मला एकदाही दिसलं नाही. निहालीत बोधवाक्य करायची वेळ येऊ नये.

२०१९ च्या सुमारास केप टाऊनच्या विद्यापीठात नामाचे वर्ग निघाले, तेव्हा मैत्रिणीने नाव घातलं. पन्नाशीची बाई, जेवणाच्या सुट्टीत टॉक् टॉक् करत बसायची. मी भारतात परतले तरी अजून सकाळी तिचा व्हॉइस मेसेज येतो: ‘गाईं त्सेस’, आधी टाळूचा टॉक्. म्हणजे शुभ दिवस. मी उलट म्हणते, तर तिचा लगेच दुसरा मेसेज: टॉक् कुठे गेला? पुन्हा म्हण.