मथुशलहचं वय बारानं भागू नका

एक मजकूर गेले बरेच दिवस फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बायबलच्या जुन्या करारातला मथुशलह ९६९ वर्षं जगला, हे खरं नाही. त्या काळी लोक महिन्यालाच वर्ष म्हणत. ९६९ ला १२ नं भागा, जवळपास ८१ येतात, आणि कोडं सुटलं. पुढे भाषांतर करणाऱ्यांनी महिन्यांची वर्षं करून टाकली. शिवाय मथुशलह ज्यात येतो ती पूर्वजांची यादी मुळात प्राचीन इराकमधल्या सुमेरच्या राजांवरून उचललेली आहे आणि आकडे फुगवले ते पूर्वजांचा मोठेपणा मिरवायला.

कुणी माणूस खरोखर ९६९ वर्षं जगला, असं मला म्हणायचं नाही. पण हा खुलासा चुकीचा आहे, आणि तो पटला की बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाचा पाचवा अध्याय, म्हणजे आदामापासून नोहापर्यंतच्या दहा पूर्वजांची ही यादी, कायमची हातातून जाते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी भागाकार. तो एकट्या मथुशलहला लावून चालणार नाही, यादीतल्या सगळ्यांना लावावा लागेल. केनान ७० वर्षांचा असताना त्याला महललेल झाला. म्हणजे पाच वर्षं दहा महिन्यांचं पोर बाप झालं. महललेल आणि हनोख दोघेही ६५ व्या वर्षी बाप झाले, म्हणजे साडेपाच वर्षंही पुरी नाहीत. अकराव्या अध्यायातला नाहोर तर २९ व्या वर्षी तेरहाचा बाप होतो. त्याचं वय मग अडीच वर्षांच्याही आत जातं. अब्राहाम १७५ वर्षांनी वारला आणि मजकूर सांगतो की तो चांगला म्हातारा होऊन, पूर्ण वयाचा होऊन गेला. बारानं भागलं तर हा म्हातारा साडेचौदा वर्षांचा निघतो. इसहाकाच्या जन्माआधी ‘शंभर वर्षांच्या माणसाला मूल होईल काय’ असं म्हणून अब्राहाम हसला होता. आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडी ते हसू बसवून बघा.

यावर कुणी म्हणेल, अब्राहामापर्यंत खरी वर्षं सुरू झाली असतील. मग महिने संपून वर्षं कुठल्या ओळीत सुरू झाली? वयं एकदम नव्हे, उतरत उतरत खाली येतात: शेम ६००, अर्पक्षद ४३८, पेलेग २३९, नाहोर १४८. सांधा कुठेच दिसत नाही.

महिन्यांचा दावा तर जलप्रलयाच्या कथेतच बुडतो. नोहाच्या आयुष्याच्या ६०० व्या वर्षी, दुसऱ्या महिन्याच्या सतराव्या दिवशी पाणी फुटलं. दहाव्या महिन्यात डोंगरांचे माथे दिसले. ६०१ व्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात जमिनीवरचं पाणी आटलं. हिब्रूत ‘शाना’ म्हणजे वर्ष आणि ‘होदेश’ म्हणजे महिना, दोन्ही शब्द एकाच वाक्यात शेजारी शेजारी आहेत. ज्या वर्षात दहावा महिना येतो, ते वर्ष म्हणजे महिना कसं असेल? पुढे इस्राएलचा राजा शलमोन याच्या दरबारात बारा कारभारी होते आणि प्रत्येकानं वर्षातला एकेक महिना राजवाड्याला रसद पुरवायची होती. चांद्रमास मोजणाऱ्यांना वर्ष कळत नाही, असं तर आपण मराठी माणसांनी मुळीच म्हणू नये. आपलं पंचांग अधिक महिना धरून ऋतूंशी मेळ घालतं. यहुदी पंचांगही तेच करतं, १९ वर्षांत सात वेळा.

आणि ही शंका नवी नाही. पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टीन याच जातीच्या दाव्याला उत्तर देत होता. त्या वेळी दहानं भागायची कल्पना होती. त्यानं हाच केनान पुढे केला: सात वर्षांचा मुलगा बाप होईल काय?

भाषांतरकारांवरचा आरोप घेऊ. आज हा अध्याय तीन जुन्या परंपरांतून मिळतो: यहुद्यांचा हिब्रू पाठ, शोमरोनी (समॅरिटन) लोकांचा पाठ आणि ग्रीक भाषांतर. दहा पूर्वजांपैकी सात जणांचं एकूण आयुष्य तिन्हीकडे तेच आहे. आदाम सगळीकडे ९३०. फरक पडतो तो मुख्यतः मुलगा झाला तेव्हाच्या वयात. त्यामुळे निर्मितीपासून प्रलयापर्यंतचा काळ हिब्रूत १६५६ वर्षं, शोमरोनी पाठात १३०७ आणि ग्रीकमध्ये २२४२ होतो. हा शब्द चुकल्याचा घोळ नाही, इथे कुणीतरी हिशेब मांडलेला आहे. हिब्रू आकडे जोडून पाहा: मथुशलहला १८७ व्या वर्षी लामेख झाला, लामेखाला १८२ व्या वर्षी नोहा, आणि नोहाच्या ६०० व्या वर्षी प्रलय. बेरीज ९६९. मथुशलह बरोबर त्याच वर्षी जातो. शोमरोनी पाठात यारेद, मथुशलह आणि लामेख, तिघेही प्रलयाच्याच वर्षी संपतात. ग्रीक पाठात मात्र मथुशलह प्रलयानंतर चौदा वर्षं उरतो, आणि तारवात तर फक्त आठ माणसं होती. या चौदा वर्षांनी जुन्या भाष्यकारांना चांगलंच छळलं.

सुमेरचा मुद्दा निम्मा खरा आहे आणि तो मी मान्य करतो. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात एक चौकोनी मातीचा लेख आहे. त्यात प्रलयाआधीचे आठ राजे आणि त्यांची २,४१,२०० वर्षं नोंदली आहेत. पहिला, एरिदूचा अलुलिम, २८,८०० वर्षं राज्य करतो. प्रलयापूर्वी अफाट आकडे आणि नंतर घसरण, ही चाल दोन्हीकडे आहे. पण उचललं म्हणणाऱ्यानं काय बदललं तेही सांगायला हवं. तिथे राजेपण स्वर्गातून उतरतं. उत्पत्तीच्या यादीत राजा नाही, राजधानी नाही. आहेत ते बाप, ज्यांना ‘मुलगे व मुली झाल्या’. सुमेरच्या त्या यादीत सातवा येतो सूर्यदेवाच्या सिप्पर नगरीचा राजा, त्याची २१,००० वर्षं. उत्पत्तीत सातवा हनोख, ३६५ वर्षांचा. सूर्याच्या वर्षाचे दिवस तेवढे राहिले, आणि आयुष्य सगळ्या दहा जणांत सर्वांत कमी.

म्हणजे मोठेपणा मिरवायचा हा आरोपही टिकत नाही. मथुशलहनं केलेली एकही गोष्ट मजकुरात नाही. सर्वांत लांब आयुष्य, आणि सांगण्यासारखं काहीच नाही. उलट प्रत्येकाच्या शेवटी तेच शब्द येतात, हिब्रूत ‘वय्यामोत’, ‘आणि तो मेला’. एका अध्यायात आठ वेळा, आणि नोहाचं मरण पुढे नवव्या अध्यायात येतं. मोठ्यानं वाचून पाहा, आकडे कितीही मोठे असोत, तो शब्द त्यांच्यावर दगडासारखा येऊन पडतो. फक्त हनोखापाशी तो येत नाही. हनोख देवाबरोबर चालला आणि देवानं त्याला नेलं, एवढंच. मरणाला न भेटता गेलेला दुसरा म्हणजे एलिया संदेष्टा. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, मलिद्याच्या विधीच्या वेळी ज्याची आठवण करतात, तोच एलियाहू हनाबी.

हजाराला मात्र कुणीच पोचत नाही. मोशेच्या नावाची प्रार्थना असलेल्या नव्वदाव्या स्तोत्रात हजार वर्षं देवाला कालच्या दिवसासारखी आहेत, आणि माणसाची सत्तर, फार तर ऐंशी. जुन्या यहुदी लेखनात यावरून आदामाचा हिशेब मांडला आहे: ‘खाशील त्या दिवशी मरशील’ असं त्याला सांगितलं होतं, देवाचा दिवस हजार वर्षांचा, आणि आदाम त्यात सत्तर वर्षं कमी पडून मेला. दुसऱ्या एका कथेत ही सत्तर वर्षं आदामानंच दावीद राजाला दिली. आकड्यांना बारानं भागलं की हे सारं पुसलं जातं.

पुढच्या पिढ्यांत आकडे आणखी बारकाईनं बसवलेले दिसतात. अब्राहाम १७५, म्हणजे सात गुणिले पाचाचा वर्ग. इसहाक १८०, पाच गुणिले सहाचा वर्ग. याकोब १४७, तीन गुणिले साताचा वर्ग. योसेफ ११०, पाच, सहा आणि सात यांच्या वर्गांची बेरीज. शिवाय ११० हे मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, लोकांचं आदर्श वय, आणि योसेफ मेला तो मिसरातच.

याकोब मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहतो तेव्हा १३० वर्षांचा असतो. आपलं वय सांगताना तो म्हणतो, माझे दिवस थोडे आणि कष्टाचे गेले, माझ्या वाडवडिलांच्या वर्षांइतके ते झाले नाहीत. त्यानंतर तो मिसरात सतरा वर्षं जगला. भावांनी विकलं तेव्हा योसेफही सतरा वर्षांचाच होता.