टीबीच्या गोळ्या ‘लिव्हर खातात’ म्हणून थांबवू नका

निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या मराठी ग्रुपांत एक मेसेज फिरतोय: ‘टीबीच्या गोळ्या लिव्हरमध्ये फ्री रॅडिकल तयार करतात. सगळ्यांचंच लिव्हर जातं. पंधरा दिवस गोळ्या थांबवा, काढ्यानं लिव्हर धुऊन काढा.’ दवाखान्यातली पत्रकं बहुतेक कन्नडमध्ये, हा मेसेज मात्र मराठीत. त्यामुळे घरची वडीलधारी माणसं तोच खरा धरतात.

फ्री रॅडिकलची गोष्ट खोटी नाही. आयसोनायझिड ही टीबीची एक गोळी लिव्हरच्या पेशीत फुटते आणि तिच्यातून अ‍ॅसिटिलहायड्रॅझिन निघतं. त्यातलं बरंचसं पेशी निरुपद्रवी करून टाकते. उरलेलं सायटोक्रोम पी४५० गटातल्या २ई१ या एन्झाइमच्या तावडीत सापडतं आणि त्याचे इतरांना चटकन चिकटणारे तुकडे होतात; काहींच्या अंगावर एकटा, जोडीविना इलेक्ट्रॉन असतो. हाच रॅडिकल. तो पेशीच्या पडद्यातल्या मेदाम्लाचा (फॅटी अ‍ॅसिडचा) हायड्रोजन ओढतो, मग ते मेदाम्ल स्वतःच रॅडिकल होऊन शेजारच्याला धरतं. पेशीतलं ग्लुटाथायोन असे तुकडे निकामी करतं. ते कमी पडलं तर पेशी मरू शकते. माणसाच्या लिव्हरला होणाऱ्या इजेत प्रतिकारशक्तीचाही हात असतो, सगळा दोष रॅडिकलचा नाही.

‘सगळ्यांचंच जातं’ हे धादांत खोटं. बहुतेकांचा कोर्स लिव्हरला गंभीर इजा न होता पुरा होतो. ज्यांच्या शरीरात हे निरुपद्रवी करण्याचं काम, म्हणजे अ‍ॅसिटिलेशन, जन्मतःच मंद असतं, त्यांना धोका जास्त. दारू तर तुकडे करणारं तेच २ई१ एन्झाइम वाढवते. मेसेजात दारूचा उल्लेखच नाही, याचा मला संताप येतो.

काढ्यानं धुवायचं काय? रॅडिकल जिथं बनतो तिथंच क्षणार्धात संपतो. उलट काढासुद्धा त्याच लिव्हरला पचवावा लागतो, आणि काही वनस्पती लिव्हरला इजा करतात.

सगळ्यात घातक सल्ला गोळ्या मनानं थांबवण्याचा. साधा टीबीसुद्धा ६ महिन्यांच्या नियमित गोळ्यांनी बरा होतो. मधेच खंड पडला तर औषधाला न जुमानणारे जंतू माजतात. निपाणीत विडीकामातला खोकला तंबाखूच्या धुरळ्याचा म्हणून आधीच अंगावर काढला जातो. त्यात ही भर नको.

मात्र भूक मेली, उलट्या सुरू झाल्या, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ते रक्ततपासणी करतात, गरज पडली तर गोळ्या थांबवतात आणि लिव्हर सावरल्यावर बहुधा एकेक औषध पुन्हा सुरू करतात.