‘बारमाही म्हणता, मग मेलं कसं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं. कारण काही वर्षांपूर्वी रोपवाटिकेतल्या माणसाला मी जवळजवळ ह्याच शब्दांत झापलं होतं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. हमिंगबर्ड मिंट ह्या बारमाही, म्हणजे एकदा लावलं की दरवर्षी पुन्हा फुटणाऱ्या फुलझाडावरचा माझा लेख वाचून दादांनी ओहायोत, कोलंबसजवळच्या आपल्या घरी ६ रोपं लावली. ३ मे महिन्यात, ३ सप्टेंबरच्या सेलमधली. सगळी केशरी-गुलाबी फुलांची. पुढच्या एप्रिलमध्ये एकही फुटलं नाही. त्याआधी कापून आणलेली फुलं तिसऱ्या दिवशी टेबलावर गळाली. हमिंगबर्ड, म्हणजे मध पिणारा तो इवला पक्षी, फिरकला नाही. ‘बारमाही म्हणे! घरबसल्या लेख लिहिणं सोपं असतं, ताई,’ हा शेवट.

आधी माझी चूक. लेखातला फोटो जांभळ्या तुऱ्यांचा होता, ‘ब्लू फॉर्च्यून’ ह्या वाणाचा. मजकुरात मात्र मी सरसकट हमिंगबर्ड मिंट लिहिलं. दुकानात त्या नावाने मागितलं की बहुतेक वेळा केशरी-गुलाबीच हातात ठेवतात, आणि तुम्हाला तेच मिळालं. दोन्ही अगास्टाकीच (हमिंगबर्ड मिंटचं शास्त्रीय नाव), पण दोघांचं माहेर वेगळं. केशरी फुलांची, बारीक करड्या पानांची रुपेस्ट्रिस ही जात ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि उत्तर मेक्सिकोच्या खडकाळ डोंगरांतली. गुलाबी काना न्यू मेक्सिको आणि पश्चिम टेक्सासची. जांभळी फिनिक्युलम, म्हणजे ॲनिस हिसप, मात्र उत्तरेकडच्या गवताळ मैदानांतली. तिला थंडीही ठाऊक आणि ओलही. ‘ब्लू फॉर्च्यून’ हा ह्या फिनिक्युलमचा आणि पूर्व आशियातल्या रुगोसाचा संकर. फुलदाणीसाठी लावायचं तर मी आधी हाच लावेन. हे लेखात ठळक यायला हवं होतं. आलं नाही, त्याबद्दल माफी.

(आणखी दोघांनी विचारलंय म्हणून: अगास्टाकीचा अगस्त्याशी, म्हणजे आपल्या हदग्याशी, काही संबंध नाही. हे ग्रीक नाव आहे, भरपूर कणसं असलेलं अशा अर्थाचं. ह्याच्या फुलांची भजी करायला जाऊ नका.)

आता रोपं मेली कशी? तुम्ही लिहिता, ‘लेबलवर झोन ५ होतं, आमचा झोन ६, तरी थंडीने मेली.’ थंडीने नाही मेली. कुजून मेली असावीत. झोन म्हणजे अमेरिकेतला थंडीचा पट्टा, आकडा लहान तितकी थंडी जास्त. हा आकडा फक्त एकच गोष्ट सांगतो, वर्षातलं सर्वांत खालचं तापमान सरासरीने कुठवर उतरतं. जमीन किती ओली राहते, ह्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. न्यू मेक्सिकोतल्या सांता फे शहराला वर्षभरात साधारण ३५० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो, आपल्या माणदेशाहूनही कमी. तुमच्याकडे हजाराच्या वर, आणि तोही पुण्यासारखा चार महिन्यांत उरकणारा नाही, बाराही महिने थोडा थोडा. त्यात तुमची चिकणमाती. जानेवारीत बर्फ वितळतं, पाणी बुंध्याशी साचतं, रात्री गोठतं, परत वितळतं. डोंगराच्या कपारीत वाढलेल्या झाडाला हे सोसत नाही.

हे शहाणपण पुस्तकातून आलेलं नाही. न्यू जर्सीतल्या माझ्या लाल चिकणमातीत पहिल्या हिवाळ्यात १२ पैकी ९ रोपं गेली. करायच्या नाहीत त्या सगळ्या गोष्टी मी केल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये लावली. भरपूर कंपोस्ट घातलं, कारण लाड करायची हौस. वर सालपटांचं जाड आच्छादन, थंडी वाजू नये म्हणून! आणि नोव्हेंबरमध्ये बाग ‘स्वच्छ’ दिसावी म्हणून सगळ्या काड्या जमिनीलगत छाटल्या. वाळक्या काड्या बुंध्याला आडोसा देतात, त्या वसंतापर्यंत ठेवायच्या असतात, हे मला नंतर कळलं.

आता वीतभर उंच गादीवाफा करते, मातीत बारीक खडी मिसळते, बुंध्याभोवती खडीच पसरते. खत देत नाही. खताने फांद्या माजतात आणि लोळतात. लावणी मे-जूनमध्येच, म्हणजे हिवाळ्याआधी मुळं खोल जातात. तुमची सप्टेंबरची ३ रोपं तर लावली तेव्हाच गेल्यात जमा होती. सेल लागतो तो त्याच कारणासाठी.

पण ‘बारमाही’ ह्या शब्दावर मी मागे हटणार नाही. तुमच्या आईच्या वृंदावनातली तुळस आठवा. तुळस बारमाही की नाही? हो. ती कायम राहते का? नाही. तीन-चार वर्षांत खालून लाकूड होते, एखाद्या पावसाळ्यात पाणी साचून जाते, आणि तोवर शेजारी नवं रोप आलेलं असतं. तुळस फसवी निघाली असं कुणी म्हणत नाही. अगास्टाकी त्याच घराण्यातली, पुदिना-तुळशीच्या. दांडा चौकोनी, वास पानात, फुलं मंजिरीत. तिच्याशी तुळशीसारखंच वागायचं: ऑगस्टमध्ये बिनफुलाचे चार बोटं लांब शेंडे खुडून ओलसर कोकोपीट आणि पर्लाइटच्या (हलक्या पांढऱ्या खड्यांच्या) मिश्रणात खोचायचे, मुळं फुटली की हिवाळाभर घरात दिव्याखाली ठेवायचे. ‘ब्लू फॉर्च्यून’ला तर हाच मार्ग, कारण त्याला रुजणारं बी धरत नाही. ॲनिस हिसपला मात्र बी भरपूर, आईचं झाड गेलं तरी पोरं सापडतात. ते बी पेरताना मातीखाली दडपू नका, त्याला उजेड लागतो.

फुलदाणीचं सांगते. तुम्ही ‘शनिवारी दुपारी कापली’ असं लिहिलंय. दुपारी कापलेली पुदिन्याची जुडीसुद्धा मान टाकते. सकाळी, दव सुकता सुकता कापायची. मंजिरी निम्मी ते दोनतृतीयांश उमललेली हवी. त्याआधी शेंडा कोवळा असतो आणि तासाभरात वाकतो. पाण्यात बुडतील ती सगळी पानं काढायची, नाहीतर दोन दिवसांत पाण्याला वास मारतो. मग थंड जागी, खोल पाण्यात दोन-तीन तास. एवढं केलं की माझ्याकडे जांभळी सहा-सात दिवस सहज टिकते. बारीक फुलं गळतात, ते खरं आहे. पण तिच्यात फुलाखालचा कोशही जांभळा असतो आणि तो गळत नाही, म्हणून तुरा भरलेलाच दिसतो. तुमच्या केशरीत सगळी शोभा लांब नळीच्या फुलांची, ती गळली की मागे काडी उरते. म्हणून ती मी बागेतच ठेवते. आणि जून सुरू झाला की जांभळ्याचे शेंडे एकदा खुडायला विसरू नका, एका दांड्याचे चार होतात.

वहिनींची तक्रार, ‘दिवाणखान्यात हॉटेलातल्या बडीशेपेचा वास येतो,’ ह्यावर माझ्याकडे इलाज नाही. तो वास तिचाच. त्या वासापायी हरणं तिला तोंड लावत नाहीत, आणि आमच्या भागात एवढ्या एका गुणासाठी तिचे बाकी सगळे गुन्हे माफ.

हमिंगबर्डबद्दल मात्र तुम्हीच विचार करा. सगळे तुरे कापून फुलदाणीत ठेवल्यावर त्या तीन ग्रॅमच्या जिवाने यायचं कुठे? शिवाय जांभळीवर मुख्यतः मधमाश्या येतात. पक्षी केशरी-गुलाबी नळ्यांना भुलतो. एक-दोन केशरी झाडं मोठ्या कुंडीत, खडी घालून, कापायची नाहीत अशा बोलीवर लावा. हिवाळ्यात ती कुंडी पागोळीखालून बाजूला सरकवा.

एक गोष्ट विचारायची राहिली. तुम्ही रोपं ‘एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उपटून टाकली’ असं लिहिलंय. अगास्टाकी उशिरा जागी होते. माझ्याकडे मे उजाडेपर्यंत काही झाडं मेल्यासारखीच दिसतात. उपटताना मे महिन्यातल्या त्या तिघांची मुळं काळी, मऊ लागली होती, की आतून पांढरी आणि टणक? आठवत असेल तर कळवा.

तुमची,
ताई

ता.क. ‘ब्लू फॉर्च्यून’ची ४ रोपं घरात मुळं धरून आहेत. मेमध्ये ह्या बाजूला येणं झालं तर घेऊन जा, पैसे नकोत.