सेव्हर्नची खाडी म्हणजे "नुसती नदी" नव्हे

इंग्लंडातल्या आपल्या मराठी मंडळींत एक मेसेज परत परत फिरतोय. सेव्हर्नकाठच्या शार्पनेस बंदरातून ब्रिस्टलला नॅरोबोटने (कालव्यातल्या लांब, अरुंद बोटीने) जाणं सोपं आहे, सेव्हर्न नदीच तर आहे, तळ सपाट म्हणून बोट उलटत नाही, अडकलात तर वाळूवर बसून राहा, भरतीची वेळ ॲपवर बघा आणि पायलटचे, म्हणजे वाट दाखवणाऱ्या स्थानिक जाणकार नाविकाचे, पैसे वाचवा. मी दाभोळच्या खाडीकाठी वाढलोय आणि हा प्रवास पायलट घेऊन केलाय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

"नदीच तर आहे". अहो, ब्रिस्टलजवळच्या एव्हनमाउथला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत जवळपास १४ मीटरचा फरक पडतो, म्हणजे सहा-सात तासांत चार मजली बिल्डिंगएवढं पाणी उतरतं. मुंबईत पाच मीटरची भरती येणार म्हटलं तरी बातमी होते! हे सगळं पाणी सेव्हर्नवरच्या दुसऱ्या मोटारपुलाखालच्या द शूट्स नावाच्या अरुंद वाटेने निघतं, उधाणाला तिथे ओढ ८ नॉटपर्यंत (ताशी सुमारे १५ किलोमीटर) जाते आणि आपली बोट पूर्ण जोर लावून पाचेक नॉट. म्हणजे शार्पनेसचं लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट आत-बाहेर सोडणारा दरवाज्यांचा हौद) सोडलं आणि ओहोटी लागली की मागे फिरणं विसरा, तीसेक किलोमीटर खाली ब्रिस्टलजवळच्या पोर्टिसहेडलाच जायचं, आणि तिथलंही लॉक भरतीच्या आगेमागे ठराविक तासच चालतं.

ही ओढ अनुभवी माणसालाही सोडत नाही. २५ ऑक्टोबर १९६० ला रात्री धुक्यात आर्केनडेल एच आणि वॉस्टडेल एच हे दोन टँकर बार्ज शार्पनेसच्या तोंडाशी आले, भरतीने त्यांना पुढे ओढून नेलं, दोन्ही एकमेकांना चिकटले आणि रेल्वे पुलाच्या खांबावर आदळले. पुलाचे दोन गाळे कोसळले, तेल-पेट्रोलने पेट घेतला, आठांपैकी पाच जण गेले. रोजची वाट होती त्यांची.

"सपाट तळ, उलटत नाही". इथे मुद्दा उलटण्याचा नाहीच, पाणी आत शिरण्याचा आहे. नॅरोबोट कालव्यासाठी बनलेली, रुंदी जेमतेम २ मीटर, इंजिनच्या हवेची जाळी, एक्झॉस्ट, सिंकचं भोक, पुढच्या डेकचे निचरे हे सगळं पाण्यापासून काही इंचांवर असतं. आणि ओहोटी वाहते नैऋत्येला, तर इथला नेहमीचा वाराही नैऋत्येकडूनच येतो, म्हणजे तुम्ही जाताना वारा आणि पाणी समोरासमोर, मग लाटा उभ्या आणि आखूड होतात, कालव्यात पानही हलत नसलं तरी. म्हणून ही भोकं फळी-टेप लावून बंद करायची, पण इंजिनाला हवा ठेवूनच.

वाळूवर बसायचं म्हणे! इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या द वॉश नावाच्या उपसागरात चांगल्या हवेत तिथले पायलट नॅरोबोटी मुद्दाम वाळूवर टेकवतात हे खरंय, पण तिथे त्यांना जागा माहीत असते. सेव्हर्नमध्ये इंग्लिश स्टोन्ससारखे खडक आहेत आणि उताराचा चिखल आहे, ओहोटीत बोट तिरकी टेकली आणि परत भरती आली तर ती उठायच्या आत पाणी आत येतं.

ॲपचं थोडक्यात सांगतो. शार्पनेसची भरती एव्हनमाउथच्या अर्ध्या-पाऊण तास मागून येते, आणि बरीच कोष्टकं जीएमटीत असतात, उन्हाळ्यात एक तास मिळवायला विसरलात की सगळंच गणित चुकलं.

मेसेजमध्ये इंजिनाचा तर शब्दही नाही. कालव्यात ते हळूहळू चालतं, इथे दोन-तीन तास जोरात चालवायचं, त्यात हेलकाव्यांनी डिझेलच्या टाकीतला तळाचा गाळ उठतो, फिल्टर चोंदतो आणि नेमकं पुलाखाली इंजिन बंद. आधी टाकी साफ करा, जादा फिल्टर ठेवा आणि ते बदलायची घरी सवय करा. नांगर साखळीसकट बांधलेला आणि हाताशी हवा, प्रत्येकाला लाइफजॅकेट, व्हीएचएफ रेडिओ. विमा कंपनीकडून लेखी परवानगी घ्या, बऱ्याच पॉलिसी भरतीच्या पाण्यात चालत नाहीत.

आणि पायलट. त्याला शूट्समध्ये बोट कुठल्या रेषेत धरायची ते पाठ असतं, पण मला वाटतं पैसे त्याच्या "आज नको"चे असतात. तो उधाण टाळून भांगाच्या भरतीच्या, म्हणजे पाणी सगळ्यात कमी चढतं-उतरतं त्याच्या, आसपासचा दिवस सांगेल. त्या दिवशी वारा वाढला तर शार्पनेसला चहा पीत थांबा, पुढचा भांग दोन आठवड्यांनी येतोच.