नानांच्या प्रतिक्रियेला उत्तर: पाती वळवायची कशासाठी?

नाना, राम राम.

सीपीपी, म्हणजे बदलत्या पिचचा (पात्यांचा कोन वळवता येणारा) जहाजाचा प्रोपेलर, यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. एक, हबमध्ये (पाती बसतात त्या मधल्या भागात) पिस्टन आणि शाफ्टच्या पोटातून तेल, एवढा पसारा पाण्याखाली कशाला? वेग कमी-जास्त करायला इंजिनाचा थ्रॉटल आहेच. दोन, जगातली मोठी जहाजं साध्या, ओतीव (पाती न वळणाऱ्या) प्रोपेलरवरच चालतात. आणि तीन, 'आठे समुद्र कोठे शे भाऊ?'

तिसऱ्याचं आधी सांगतो. जळगाव, धुळ्याकडची पोरं मर्चंट नेव्हीत जातात आणि इंजिन रूममध्ये पहिल्यांदा उतरतात तेव्हा त्यांना हे मराठीतून सांगणारं कोणी नसतं. मी लिहितो ते त्यांच्यासाठी. आणि समुद्र नसला तरी पिच आपल्याकडे आहेच. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला जाऊन बघा, वारा फार वाढला की पवनचक्कीची पाती आपल्याच आसावर वळून जोर सोडून देतात.

दुसरा मुद्दा मला मान्य आहे. कंटेनर जहाज किंवा मोठा टँकर बंदरातून निघाला की दिवसेंदिवस जवळपास एकाच वेगाने चालतो. त्या एका वेगासाठी बेतलेला ओतीव प्रोपेलर सरस ठरतो, कारण त्याचा हब लहान असतो आणि बिघडण्यासारखं त्यात काही नसतं. तिथे सीपीपीचा आग्रह मी धरणार नाही.

पण टग, म्हणजे मोठी जहाजं ओढणारी छोटी बोट, घ्या. मोकळा धावणारा टग आणि तोच टग दोर ताणून अजस्र जहाज ओढताना, प्रोपेलरच्या दृष्टीने ही दोन वेगळी कामं आहेत. ओढताना टग जवळजवळ जागच्या जागी असतो, त्यामुळे पात्यांवर पाणी फार जड पडतं. पिच मोकळ्या धावेसाठी बेतलेली असेल तर इंजिन टॉर्कच्या (फिरवण्याच्या जोराच्या) मर्यादेला आधीच टेकतं आणि आरपीएम पूर्ण चढतच नाहीत. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. फेरेच कमी पडले तर नेमकी गरज असताना इंजिनाची पूर्ण ताकद हाती येत नाही. थ्रॉटल कितीही पुढे ढकला, उपयोग शून्य, उलट काळा धूर आणि तापलेला एक्झॉस्ट. पिच थोडी कमी केली की इंजिन पूर्ण फेऱ्यांवर येतं आणि दोराला खरा जोर मिळतो. जाळं ओढणाऱ्या ट्रॉलरचं गणितही हेच.

तुमची हयात डिझेल शेडमध्ये गेली, म्हणून हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर पटेल. डब्ल्यूडीएम-२ या रेल्वेच्या डिझेल इंजिनात थ्रॉटलचे आठ नॉच (टप्पे) होते, पण ड्रायव्हरने रिव्हर्सर फिरवला म्हणून डिझेल इंजिन कधी उलटं फिरलं का? उलटी फिरायची ती चाकं फिरवणारी ट्रॅक्शन मोटर. आणि चढावर लोड वाढला की गव्हर्नर जनरेटरचं एक्सायटेशन (चुंबकत्व देणारा प्रवाह) उतरवून इंजिनाला सांभाळायचा. सीपीपीचं लोड कंट्रोल हेच काम पिच उतरवून करतं.

मागे जाण्याचंही तसंच. ओतीव प्रोपेलर थेट इंजिनाला जोडलेला असेल तर 'एस्टर्न'साठी (मागे जाण्यासाठी) इंजिन थांबवायचं, मग दाबाच्या हवेने उलट्या दिशेला सुरू करायचं. अशा इंजिनासाठी हवेच्या बाटल्यांत सलग १२ स्टार्टपुरती हवा लागते, न उलटणाऱ्याला ६ पुरतात, असा वर्गीकरण संस्थांचा (जहाजांची तांत्रिक तपासणी करणाऱ्या) नियम आहे. धक्क्याला लागताना हवा संपत आली की इंजिन रूममधल्या माणसाच्या जिवाची काय घालमेल होते ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. सीपीपीत इंजिन एकाच दिशेला फिरत राहतं, फक्त पाती वळतात. २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेल्या विक्रांत या विमानवाहू जहाजावर चार एलएम-२५०० गॅस टर्बाइन आहेत. हे टर्बाइन उलटं फिरतच नाही, त्यामुळे मागे जाण्याचा सगळा भार पात्यांवर येतो.

राहिला पसारा. गळतीची तुमची भीती खरी आहे. पात्याच्या बुडाशी सील असतं, आणि हबमधल्या तेलाचा दाब बाहेरच्या पाण्यापेक्षा थोडा जास्त ठेवतात. सील गेलं तर तेल समुद्रात जातं. हेडर टँकची (हबला तेल पुरवणाऱ्या वरच्या टाकीची) पातळी उतरली किंवा तेल दुधाळ दिसलं की ड्रायडॉक (जहाज पाण्याबाहेर काढून दुरुस्ती) जवळ आला म्हणून समजायचं. हा खर्च आहे, आणि मालकाने तो धरूनच निवड करावी.

पण गळतीपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती शून्य पिचची. शून्य पिचला पाती पाणी पुढे-मागे ढकलत नाहीत, जहाज उभं दिसतं, पण खाली प्रोपेलर पूर्ण वेगाने फिरतच असतो. मागचा मूरिंगचा (जहाज धक्क्याला बांधायचा) दोर ढिला पडून पाण्यात गेला तर तो ओढला जातो आणि डेकवरच्या पोराचा पाय त्या दोराच्या वेढ्यात असू शकतो. शिवाय ब्रिजवरचा (जहाज चालवतात त्या खोलीतला) पिचचा काटा शून्य दाखवत असला तरी पाती खरोखर शून्यावर असतीलच असं नाही. म्हणून निघण्यापूर्वी एकाने खाली जाऊन शाफ्टमध्ये तेल सोडणाऱ्या तेलपेटीजवळच्या पट्टीवरचा यांत्रिक काटा डोळ्यांनी बघायचा आणि ब्रिजशी ताडायचा. फोनवर 'ठीक आहे' ऐकून भागवायचं नाही. तुमचा कोणी नातू या वाटेने जाणार असेल तर एवढं त्याला नक्की सांगा.